तीनशे अठरा टोप्या

४ फेब्रुवारी

सही माझी! माझी स्वतःची!

आमच्या अलार्म कंपनीचे मालक आज सरळ म्हणाले, "या हॉटेलचा अलार्म तू उभा केलास, तर चालू झाल्याचा दाखलाही तूच दे. मी कुठे सह्या करत फिरू?" नऊ वर्षं मी छताला भोकं पाडली, तारा ओढल्या, भोंगे बसवले, कानठळ्या बसवून घेतल्या — आणि कागदावर नाव कायम त्यांचं. आता खाली माझं येणार. तपासणी एकोणीसला, पहिले पाहुणे एकवीसला दुपारी बाराला. पास झालं तर पुढचं हॉटेल माझं, टोळीही माझी. नाही झालं तर काय, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

घरी येऊन आधी सासऱ्यांना सांगितलं, नवऱ्याला मग. हा धंदा बाबांनीच शिकवला ना मला! बाकीच्या सुनांना सासवा स्वयंपाक शिकवतात, मला सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर धुराचा डिटेक्टर उघडून दाखवला. आता त्यांचे हात थरथरतात, शिडी चढवत नाही, पण जीभ तशीच आहे. बातमी ऐकून म्हणाले काय — तर "टोप्या मोजल्यास का?"

अहो बाबा, अभिनंदन तरी करा आधी!

६ फेब्रुवारी

टोप्यांचं लिहून ठेवते. म्हातारपणी ही वही वाचेन तेव्हा मलाच कळायचं नाही.

डिटेक्टर कारखान्यातून येतो तो डोक्यावर केशरी प्लास्टिकची टोपी घालून. वाटीएवढी असते. बांधकामाची धूळ आत जाऊ नये म्हणून. काम संपलं की टोपी काढायची, म्हणजे त्याला धूर 'दिसायला' लागतो. काढायची विसरली तर खोली धुराने भरली तरी तो गप्प. आणि सगळे डिटेक्टर जोडलेले असतात त्या खालच्या पॅनेलला याचा पत्ताच नसतो! तिथे हिरवा दिवा, सगळं ठीक, सगळे जागेवर. म्हणून बाबांचा नियम — काढलेली प्रत्येक टोपी गोणीत टाकायची, शेवटी गोणी उपडी करून मोजायची. जेवढे डिटेक्टर तेवढ्या टोप्या. एक कमी असली तरी सही नाही. लोक हसायचे त्यांना. नवरा म्हणतो, "आपल्या घरात टोपी घालणारं कोणी नाही, सगळे काढणारेच!"

माझ्या बॅगेच्या लहान कप्प्यात बाबांची एक जुनी टोपी आहे. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनीच टाकली होती, "असू दे" एवढंच म्हणाले. माझी नशिबाची टोपी. आज तिला जरा थोपटलं.

९ फेब्रुवारी

अकराशे चौसष्ट डिटेक्टर! चारशे खोल्या, तीन विंगा, दोन पोहण्याचे तलाव, एवढं मोठं स्वयंपाकघर की आत रस्ता चुकावा. गेले तीन दिवस एकेक डिटेक्टरला धूर दाखवतोय. लांब काठीच्या टोकाला धुराचा डबा, काठीखाली जिराफ. आमच्या टोळीतला हा सगळ्यात उंच माणूस, शिडीविनाच अर्धं काम करतो. मी तळमजल्यावर पॅनेलसमोर बसते. वॉकीटॉकीवर तो ओरडतो, "ताई, तिसरा मजला, खोली चौदा!" आणि माझ्यासमोर लाल अक्षरांत तेच उमटतं — तिसरा मजला, खोली चौदा. प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. नऊ वर्षं झाली तरी! एवढ्या अवाढव्य इमारतीत कुठे कोपऱ्यात जरासा धूर झाला आणि मला बसल्या जागी कळलं.

आज शेवटचा झाला. सगळे पास. एकही आंधळा नाही. टोप्या जिराफाने मोजल्या, मग मी. अकराशे चौसष्ट. गोणी शिवून कोपऱ्यात.

बाबांना सांगितलं. "हं," म्हणाले. त्यांच्या तोंडून "हं" म्हणजे इतरांच्या तोंडून टाळ्या.

१० फेब्रुवारी

ऐकू न येणाऱ्या पाहुण्यांसाठी सहा खोल्या आहेत. भोंगा वाजला की तिथे भिंतीवरचा पांढरा दिवा लखलखतो आणि उशीखालची चकती थरथरते. ती चकती तपासायची म्हणजे पलंगावर झोपूनच बघायला हवं ना! मी झोपले. गादी अशी की पाठ म्हणाली आता उठू नकोस. डोळा लागणार तेवढ्यात जिराफाने खालून अलार्म दिला. टाळकं थरथरलं, दात वाजले, मी धाडकन जमिनीवर! दारात मॅनेजर उभे. "मॅडम, खोली पसंत पडली वाटतं."

हसून हसून पोट दुखलं. पण चकती उत्तम आहे.

११ फेब्रुवारी

सगळी दारं एकत्र तपासली. भोंगा झाला की जिन्याजवळची जाड दारं चुंबक सोडतात आणि आपोआप मिटतात. एकामागून एक, आठ मजले, धप्प धप्प धप्प. लिफ्ट निमूटपणे खाली येऊन तोंड उघडून उभ्या. मी मधल्या जिन्यात उभी राहून नुसती ऐकत होते. रडू आलं मला, खरंच. जिराफ म्हणाला, "ताई, धूळ गेली का डोळ्यात?" हो रे बाबा, धूळच.

१२ फेब्रुवारी

सत्यानाश!

सजावटवाल्या बाईंना तळ्याकडच्या विंगेतले दिवे आवडेनासे झाले. तपासणीला सात दिवस उरलेत आणि यांना उजेड "जास्त मऊ" हवाय! छताच्या फळ्यांना नवी भोकं पडणार, चार दिवस घासकाम चालणार, पांढरी भुकटी खाली आणि छताच्या आतही. माझे स्वच्छ, तपासलेले, गुणी डिटेक्टर!

मी बोलायचं ते बोलले. थोडं जास्तच बोलले. बाई म्हणाल्या, "तुमचा तो डबा छतावर दिसतो तोच मुळात कुरूप आहे." मी म्हटलं, "आग त्याहून कुरूप असते." मॅनेजर मध्ये पडले.

एकच उपाय, पुन्हा टोप्या घाला.

१३ फेब्रुवारी

तळ्याकडच्या विंगेत टोप्या घातल्या. खोल्या आणि बोळ मिळून दोनशे साठ. आणि सजावटीच्या छताच्या वर, खऱ्या छताखाली, त्या अंधाऱ्या पोकळीत अठ्ठावन्न. ते खालून दिसत नाहीत. प्रत्येकासाठी छतात एक लहान झडप आहे, ती उघडून, डोकं आत खुपसून, टॉर्च तोंडात धरून काम करावं लागतं. एकूण तीनशे अठरा. आकडा गोणीवर रंगाने लिहिला, वहीत लिहिला, जिराफाच्या हातावर पेनाने लिहिला.

बाबा म्हणाले, "घालताना मोजल्यास तशा काढतानाही मोज. घालताना माणूस जागा असतो, काढताना त्याला घरी जायचं असतं."

१६ फेब्रुवारी

अजून घासतायत.

१७ फेब्रुवारी

घासकाम सकाळी संपलं. झाडलोट झाली. चौघं जण लावले, संध्याकाळी पाचपर्यंत टोप्या काढल्या. खाली सामानाच्या खोलीत गोणी उपडी केली.

तीनशे सतरा.

पुन्हा मोजल्या. दहादहाचे ढीग लावून मोजल्या. तीनशे सतरा. पाचावर धारण बसली माझी. गोणीची शिवण चाचपली, चौघांचे खिसे उलटे केले, माझी बॅग टेबलावर उपडी करून झटकली — पेचकस, टेप, टेस्टर, खोकल्याच्या गोळ्या, सगळं टेबलभर. टोपी नाही! भराभरा परत कोंबलं आणि वर पळाले.

दोनशे साठ डिटेक्टर खालून दिसणारे. मान वर करून करून एकेक खोली पाहिली. एकावरही टोपी नाही. म्हणजे एक तर ती कुठे तरी पडलीय, नाही तर वर पोकळीत, अठ्ठावन्नपैकी एकावर अजून बसलीय.

मान आखडली. उद्या झडपा.

१८ फेब्रुवारी

सापडली! सापडली! सापडली!

सकाळी सहापासून झडपा उघडत होते. शिडी लावा, झडप उघडा, डोकं आत, टॉर्च, डिटेक्टर उघडा आहे, झडप बंद, पुढची. प्रत्येक झडपेला सात-आठ मिनिटं. केसांत एवढी भुकटी की आरशात सासूबाईच दिसल्या असत्या, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. त्यात मॅनेजर दर अर्ध्या तासाने येऊन झडपांवरचे हाताचे डाग पुसायला लावत होते. मालकांचे चार फोन. रंगवाले खोळंबलेले.

चोविसावी झडप उघडली आणि वॉकीटॉकी किंचाळली. जिराफ! "ताई, सापडली! सामानाच्या खोलीत, टेबलाखाली! पार पांढरी पडलीय, तुडवली असेल कोणीतरी!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! काल त्या टेबलाभोवतीच मी दहा चकरा मारल्या होत्या!

खाली पोचले तर त्याने ती गोणीत टाकून सगळ्या पुन्हा मोजायला घेतलेल्या. मालकांचा पाचवा फोन, मी त्यांच्याशी बोलत दारात उभी आणि जिराफ मोठमोठ्याने मोजतोय — तीनशे सोळा, तीनशे सतरा, तीनशे अठरा! मी फोनवरच ओरडले. मालक म्हणाले, "काय, आग लागली?"

जीव भांड्यात पडला. जिराफाने विचारलं, "ताई, उरलेल्या चौतीस झडपा उघडायच्या का?" मी म्हटलं, "कशाला? टोपी सापडली ना!" गोणी शिवली. रंगवाल्यांना आत सोडलं. दोघांनी दोन-दोन कप चहा प्यायला आणि मी आठवड्यात पहिल्यांदा बसून जेवले.

१९ फेब्रुवारी

पास!!

तपासणी अधिकारी आले. मोठ्या मिशा, बारीक आवाज. त्यांच्यासोबत आठ तास चालले. त्यांनी बोट दाखवावं आणि जिराफाने काठी वर करावी. स्वयंपाकघर, नाचाचा हॉल, धोबीखाना, तलावाजवळची कपाटं. आग दिसली की फोडायच्या भिंतीवरच्या लाल डब्याची काच स्वतः फोडली त्यांनी, लहान मुलासारखे खूश झाले. दारं मिटली, लिफ्ट खाली आल्या, भोंग्याने मोरीतल्या बादल्यासुद्धा वाजवल्या. तळ्याकडच्या विंगेतल्या दोन झडपाही उघडायला लावल्या. दोन्हीतले डिटेक्टर वेळेत वाजले.

शेवटी मिशा म्हणाल्या, "टोप्या?" मी गोणी पुढे केली. अधिकारी पहिल्यांदा हसले. "ही पद्धत मी एकाच माणसाकडे पाहिली होती." मी बाबांचं नाव सांगितलं. ते टोपी काढल्यासारखं करून म्हणाले, "मग प्रश्नच नाही."

मग सही. नाव स्वच्छ वाचता येतं. मी तीनदा वाचलं. मालक म्हणाले, "पुढच्या हॉटेलचे नकाशे सोमवारी घेऊन जा." जिराफाने मला चक्क उचललं आणि छताला लावलं. म्हणाला, "ताई, एवढंच राहिलं होतं तपासायचं!"

२० फेब्रुवारी

आज सुट्टी. दुपारभर झोपले. संध्याकाळी मी आणि बाबा गॅलरीत. त्यांना पुन्हा सगळं ऐकायचं होतं, मिशांचं टोपी काढणं दोनदा सांगायला लावलं. मी म्हटलं, "सगळी तुमच्या नशिबाच्या टोपीची कृपा!"

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "नशिबाची कोण म्हणालं तुला?"

आणि सांगितलं. इतक्या वर्षांत कधी नाही, आज. माझ्याएवढे असताना त्यांनी एका हॉटेलचं काम केलं. टोप्या काढल्या आणि कचऱ्यात टाकल्या, मोजायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. तीन महिन्यांनी चादरींच्या खोलीत छताच्या वर वायर जळाली. पॅनेल हिरवंच. खाली एक बाई चादरींच्या घड्या घालत होती. ती रांगत बाहेर आली, वाचली. पण धुराने आवाज गेला तो गेलाच. "अजून भेटते बाजारात," बाबा म्हणाले. "कुजबुजत विचारते, कसे आहात? मला उत्तर देता येत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते छत उघडलं. डिटेक्टरवर टोपी तशीच. ती त्यांनी काढून आणली.

"तीच तुझ्या बॅगेत आहे. नशिबाची नाही ती, पोरी. माझ्या चुकीची आहे."

त्यांचा थरथरता हात धरून बसले. मग ते स्वतःच हसून म्हणाले, "पण तू मोजल्यास. आता ती फेकून दिलीस तरी चालेल." मी म्हटलं, "मुळीच नाही. उद्या फडक्याने स्वच्छ पुसून आणखी नीट ठेवते." किती हलकं वाटत होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही फार बरं वाटलं. आनंदाचा आठवडा!

२१ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा

पुसायला म्हणून बॅग उघडली. लहान कप्पा रिकामा. मोठाही पाहिला, चाचपला, उलटा केला. नाही.

सतरा तारखेला मी बॅग टेबलावर उपडी केली होती. टेबलाखाली सापडलेली ती पांढरी पडलेली टोपी तुडवलेली नव्हती, जुनी होती. बाबांची. तीनशे अठरावी तीच. म्हणजे खरी अजून वरच आहे, मी न उघडलेल्या झडपांपैकी एकीच्या आत, आणि दाखल्यावर माझी सही आहे.

मॅनेजरना फोन केला. सही मागे घेतेय, तळ्याकडच्या विंगेत कोणाला सोडू नका. ते जे बोलले ते लिहीत नाही. मालकांना केला. त्यांनी फोनच ठेवून दिला. जिराफ म्हणाला, "ताई, शिडी घेऊन निघालो."

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आत गेले. आता बूट घालून दारात उभे आहेत, हातात टॉर्च. "मी शिडी धरतो," म्हणाले. "चल. बारा वाजायच्या आत."